वायरमनचं हमीपत्र

खोटं बोलणाऱ्याचं या जगात सहसा काही अडत नाही, हे वायरमनला कुणी शिकवायला नको होतं. तो स्वतः सहा वर्षं त्यावरच जगला होता. त्यामुळे सुरक्षा परवानगीच्या अर्जावर खरं लिहिलं म्हणून कामावरचे लोक त्याला मूर्ख म्हणाले, तेव्हा त्याला राग मूर्ख म्हटल्याचा आला नाही. पुढे त्यांचंच बरोबर निघालं याचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

विमानतळाच्या बाहेरच्या अंगाचे सगळे दिवे त्याच्याकडे होते. गाड्या लावायची जागा, येणाऱ्यांचा दरवाजा, जाणाऱ्यांचा दरवाजा, ढकलगाड्यांच्या रांगेवरचं छप्पर. सात वर्षं त्याने तिथे शिडीवर काढली. तो ठेकेदाराचा माणूस होता. ठेकेदार तीनदा बदलला, शिडी मात्र तीच राहिली. कुंपणापलीकडे धावपट्टी होती. तिथले दिवे जमिनीत बसवलेले असतात आणि विमान त्यांच्यावरून जातं. चाकांचं रबर काचेवर चढतं, ते खरवडून काढावं लागतं. बोल्ट ठरल्या दाबानेच आवळावे लागतात, आणि एखादा चुकून पट्टीवर राहिला तर पुढचं विमान त्याची किंमत मोजतं. म्हणून आत जाताना हत्यारं मोजून नेतात आणि बाहेर येताना पुन्हा मोजतात. बाहेरच्या सहा वायरमनांना आतल्या कामावर कायम करायचं ठरलं तेव्हा यादीत याचं नाव दुसरं होतं. ही नोकरी त्याला स्वतःसाठी हवी होती, पण त्याहून जास्त ताईसाठी हवी होती. ताई म्हणजे अकरा वर्षांनी मोठी बहीण. बावीस वर्षं ती चष्म्याच्या एका दुकानात उभी राहून काचा घासत होती, आणि आता तिचे गुडघे तिला रोज शिव्या देत होते. आपण कायम झालो की तिला त्या दुकानातून सोडवायचं, एवढा एकच हिशेब त्याच्या डोक्यात होता.

मधे फक्त सुरक्षा परवानगी होती. तिचा अर्ज अकरा पानांचा. आजोबांचं जन्मस्थळ, दहा वर्षांतले सगळे पत्ते, अंगावरच्या खुणा. सातव्या पानावर सत्ताविसावा प्रश्न होता: 'आपण कधीही अंमली पदार्थांचे सेवन केले आहे काय? असल्यास तपशील द्यावा.' तपशिलाला दीड ओळ जागा. इथे कुणी काही लिहीत नाही हे छापणाऱ्यालाही ठाऊक असणार.

"नाही लिही, खाली रेघ मार आणि पुढे चल," मिशीवाले म्हणाले. मिशीवाले हे त्या सहातले सगळ्यांत जुने. मिशी झुपकेदार, आणि तिच्याखाली सकाळी आठपासून बडीशेप. बडीशेप कशासाठी ते शिडीलासुद्धा माहीत होतं.

"पण घेतलेलं आहे ना."

"घेतलं होतंस. आता घेतोस का?"

"प्रश्नात 'कधीही' लिहिलंय."

"अरे, प्रश्नात ते काय वाटेल ते लिहितील. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतोस?" मिशीवाल्यांनी आपल्या अर्जावर 'नाही' लिहिलं आणि पान उलटलं. तसं पाहिलं तर त्यांनी खोटंही लिहिलं नव्हतं. दारू अंमली पदार्थांच्या यादीत नव्हतीच. यादी करायला कोण बसले असतील याचा अंदाज करायला फार अक्कल लागत नाही.

वायरमनने लिहिलं: 'होय. गर्द. सहा वर्षे. बंद करून नऊ वर्षे चार महिने.' दीड ओळीत बरोबर बसलं.

त्याला सत्यवादी म्हणवून घ्यायची हौस होती अशातला भाग नाही. त्याला भीती होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी व्यसन सोडलेल्यांची बैठक भरायची, तिथे तो नऊ वर्षं जात होता, आणि तिथे त्याला कळलेलं शहाणपण एवढंच होतं की आधी खोटं येतं, मग पुडी येते. पुडी कधीच एकटी येत नाही. बैठक चालवणारे मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि त्याआधी आठ वर्षं इंजेक्शनं घ्यायचे. त्यांचा नियम एकच, पण कडक. 'पुन्हा कधीच घेणार नाही' असं त्या खोलीत म्हणायचं नाही. नवा कुणी भावनेच्या भरात म्हणालाच, तर मास्तर किटलीकडे बोट दाखवायचे. "जा, सगळ्यांना चहा भर. तेवढ्यात शुद्धीवर येशील." तिथे म्हणायचं ते फक्त 'आज नाही'. उद्याचं उद्या.

कारण 'कधीच नाही' हे त्या खोलीतल्या प्रत्येकाने म्हणून झालेलं होतं. वायरमनने ते आईच्या गळ्याची शपथ घेऊन अकरा वेळा म्हटलं होतं. मोजणारी ताई. प्रत्येक शपथेनंतर घरातलं काहीतरी गेलं होतं. पंखा गेला, शेगडी गेली, ताईची सायकल गेली, आणि ताईने दुकानात स्वतः घासून आईला बसवून दिलेला चष्मा काचांसकट गेला. शपथ घेतली की घरातली माणसं त्या संध्याकाळी सुटकेचा श्वास सोडायची, आणि सुटकेचा श्वास सोडलेली माणसं बेसावध असतात. ते त्याला पक्कं ठाऊक होतं. खरं सांगायचं तर शपथ घ्यायची ती त्यासाठीच. बाराव्यांदा घ्यायची वेळ आली तेव्हा आई उरली नव्हती.

शेजारच्या खोलीत घरच्यांची बैठक असायची. ताई तिथे बसायची. त्यांनाही तोच धडा होता: तो सुधारला, असं कुणाला सांगू नका, स्वतःलाही नको. आजचा दिवस बरा आहे, एवढंच म्हणा. ताई मुळात तापट. पहिली दोन वर्षं तिने या नियमाशी कचाकचा भांडण केलं. "एवढं मर मर मरायचं आणि शेवटी म्हणायचं काय, तर सांगता येत नाही? मग उपयोग काय?" मास्तर म्हणायचे, "उपयोग हाच, की तुम्ही जाग्या राहता." दुधाने पोळलेलं तोंड होतं तिचं, ताक फुंकून प्यायला ती हळूहळू शिकली, आणि एकदा शिकल्यावर पक्की शिकली. रोज सकाळी कामावर निघताना वायरमन तिला 'आज नाही' म्हणायचा, ती 'बरं' म्हणायची, आणि दोघं आपापल्या वाटेने जायचे. अशी नऊ वर्षं गेली.

अर्ज दिल्यावर तिसऱ्या आठवड्यात चौकशीला माणूस आला. तरुण, सौम्य, खांद्याला चेनची काळी बॅग. सगळ्यांना 'आपण' म्हणायचा. हा बॅगवाला आधी तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेला, मग समोरच्या वहिनींकडे, मग ताईच्या दुकानात. सगळीकडे त्याने मऊ आवाजात एकच विचारलं, "ते पूर्वी गर्द घ्यायचे, ते कधी आपल्याला जाणवलं का?" शेवटी तो घरी आला आणि त्याने दोन तास बसून ताईचा जबाब घेतला.

आता याला चौकशी म्हणायची की दवंडी? समोरच्या वहिनी सहा वर्षांपूर्वी राहायला आलेल्या. त्यांना जाणवणार काय, कप्पाळ? त्यांना हे माहीतच नव्हतं. बॅगवाला विचारून गेला आणि ते सबंध जिन्याला माहीत झालं. वहिनींची मुलगी रोज संध्याकाळी ताईकडे गणितं सोडवायला यायची. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. ताईने जिन्यात विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "तिला क्लास लावलाय." हे म्हणताना त्यांनी मुलीचा खांदा धरून तिला मागे घेतलं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे घर फिरलंच नव्हतं. एका सौम्य माणसाने येऊन ते फिरल्याचं जाहीर केलं होतं.

दुकानात त्याहून वाईट झालं. चष्म्याचे मालक, ज्यांना ताई शेठ म्हणायची, त्यांनी फ्रेमच्या कपाटाची किल्ली तिच्याकडून परत मागितली. "तुमच्यावर अविश्वास नाही हो. चौकशी संपेपर्यंत." आणि त्याच दमात म्हणाले, "तेवढी जाताना पिशवी दाखवून जात जा."

ताईने हे जेवताना सांगितलं, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशा आवाजात. मग हातातला डाव पातेल्यात असा आपटला की भिंतीवर शिंतोडे उडाले. "त्या कपाटातली एकेक फ्रेम मी लावलीय. बोटाने काच चाचपून नंबर सांगते मी. बावीस वर्षं. आणि आज माझा डबा उघडून बघितला त्याने. डबा, बारक्या. उष्टा डबा."

बारक्या म्हणजे वायरमन. घरात त्याला दुसरं नाव नव्हतं. तो बोलणार तरी काय? मी लिहिलं म्हणून हे झालं? ते तर भिंतीवरच्या शिंतोड्यांनाही कळत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण त्याने ऐकली होती, पण इथे फाशी संन्याशालाही नव्हती. ती संन्याशाच्या बहिणीला होती.

मिशीवाल्यांची परवानगी अकरा दिवसांत आली. त्यांनी पास गळ्यात घालून सगळ्यांना चहा पाजला. वायरमनला दोन महिन्यांनी सुनावणीचं पत्र आलं.

चौथ्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, पलीकडे तीन माणसं. मधे टकले अध्यक्षसाहेब, उजवीकडे डॉक्टर, डावीकडे टंकलेखन करणाऱ्या बाई. खोलीतला गारवा इतका की बाईंनी शाल घेतली होती. साहेबांनी फाईल उघडली. दिवसाकाठी दहा माणसांच्या अब्रूची पानं उलटणाऱ्याची बोटं जशी निर्ढावतात तशी त्यांची बोटं होती.

"आपण खरं लिहिलंत. कौतुक आहे," साहेब म्हणाले. "पण आपल्या सख्ख्या बहिणीचा जबाब आहे इथे. ते पुन्हा घेतील का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर: 'सांगता येत नाही.'"

वायरमनच्या कानशिलातून जाळ निघाला. क्षणभर त्याला ताईचाच राग आला, असा की टेबल उलटावं. दोन तास त्या बॅगवाल्याला चहा पाजून हे सांगितलं होय? मग राग जसा चढला तसा वळला. तिने बरोबर उत्तर दिलं होतं. जे नऊ वर्षं तिच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं तेच तिने दिलं होतं. गुरुवारच्या त्या खोलीतला कुणीही दुसरं उत्तर देणार नाही, आणि देईल तो पडायच्या बेतात असेल. पण हे या टेबलावर सांगायचं कसं?

"साहेब, आमच्यात असंच म्हणतात. कधीच नाही असं म्हणायचं नसतं. आज नाही, एवढंच म्हणायचं."

"म्हणजे उद्या घ्याल?"

"उद्याही 'आज नाही'च म्हणेन."

डॉक्टर किंचित हसले. त्यांना कळलं होतं. पण कळलेली माणसं अशा खोल्यांतून नेहमी उजवीकडे बसलेली असतात. मधे बसत नाहीत.

"सख्खी बहीण हमी देत नाही, तर सरकारने का द्यावी?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही पट्टीवरचे दिवे रोज तपासता ना? एकदा बसवला की जन्मभर लागेल, असं दिव्याकडून लिहून घेता का? मलाही रोज तपासा. रोज सकाळी दारात लघवी देतो. नाही म्हणणार नाही."

"त्याची तरतूद नाही," साहेब म्हणाले. त्यांनी फाईलच्या खालून एक छापील कागद काढला. "तरतूद याची आहे. हमीपत्र. यावर सही केलीत की आपली फाईल पुढे जाते. नाही केलीत तर इथेच बंद होते, आणि ठेकेदाराच्या बाहेरच्या कामावरूनही आपल्याला काढावं लागेल, कारण आता हे नोंदीवर आलंय. सोमवारपर्यंत सांगा."

म्हणजे गंमत बघा. रोज तपासा म्हणणारा माणूस त्यांना नको होता. जन्मभराचं खोटं एकदाच, दोन प्रतींत, सही करून देणारा हवा होता. नाकाने कांदे सोलणाऱ्यांच्या हातात शिक्के असले की असं होतं.

वायरमनकडे चार दिवस होते. मास्तरांना विचारायला हवं होतं. त्याच्याही आधी ताईला विचारायला हवं होतं. त्याने दोघांनाही विचारलं नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं. ज्याचं उत्तर ठाऊक असतं तो प्रश्न माणूस भलत्याला विचारतो. त्याने मिशीवाल्यांना विचारला.

"कागद आहे रे तो," मिशीवाले म्हणाले. "कागदाला काय कळतं? सही कर आणि विसर. नाहीतर बाहेरची शिडीपण जाईल."

शनिवारी ताई दुकानातून आली ती गुडघ्याला हात लावून बसली. त्या दिवशी शेठने गिऱ्हाइकांसमोर पिशवी उघडायला लावली होती. ओळखीची गिऱ्हाइकं, तिच्याच हातचे चष्मे नाकावर असलेली. ती रडली नाही. ती म्हणाली, "एक दिवस मी ती पिशवी त्याच्या तोंडावर मारणारे." वायरमनने तिच्या पायांकडे पाहिलं आणि त्याचं ठरलं. महिन्याभरात हिला तिथून उचलायची. मग एक कागद खोटा तर खोटा. शपथ आईच्या गळ्याची थोडीच आहे? सरकारच्या गळ्याची आहे, आणि सरकारला गळा नसतो.

सोमवारी तो चौथ्या मजल्यावर गेला. सही करून निघू अशा बेताने गेला होता, पण पद्धत वेगळी होती. हमीपत्र उभं राहून मोठ्याने वाचायचं, दोन साक्षीदारांसमोर, आणि साक्षीदार परवानगी मिळालेले असायला हवेत. एक साक्षीदार आवक-जावकचा कारकून होता. दुसरे मिशीवाले होते. दुपारचे बारा वाजले होते आणि बडीशेपेचा वास टेबलापर्यंत येत होता. साहेबांनी नाक जरासं मुरडलं आणि खिडकीकडे पाहिलं.

वायरमनने कागद धरला आणि वाचायला लागला. 'मी शपथपूर्वक लिहून देतो की यापुढे आयुष्यात कधीही, कोणत्याही परिस्थितीत, कोणताही अंमली पदार्थ घेणार नाही. माझ्या या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवावा.'

आपण अडखळू असं त्याला वाटलं होतं. तो अडखळला नाही. आवाज आपोआप खाली उतरला, 'कधीही' या शब्दावर योग्य तेवढा कापला, शेवटच्या वाक्याला डोळे आपोआप वर उचलले गेले आणि समोरच्याच्या डोळ्यांना भिडले. यातलं काहीच त्याने ठरवून केलं नाही. अंगात मुरलेलं होतं ते. नऊ वर्षं गंजू दिलेलं हत्यार, आणि हातात घेतलं तर धार जशीच्या तशी. बाईंनी टंकलेखन थांबवून त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे ओले झाले होते. फक्त डॉक्टर कागदावर रेघोट्या मारत बसले होते.

"अहो, हे पहिल्याच दिवशी म्हणाला असतात तर?" अध्यक्षसाहेब म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. त्यांनी शिक्का स्वतःच्या हाताने मारला.

जिना उतरताना मिशीवाल्यांनी पाठीवर थाप मारली तर वायरमन त्यांच्यावर खेकसला, "हात लावू नका." मिशीवाले बिचारे बघतच राहिले.

पास तीन दिवसांत मिळाला. त्यावर फोटो, निळी पट्टी, आणि कायम असा शब्द. गुरुवार होता. वायरमन बैठकीला गेला नाही, सरळ घरी आला. ताई नुकतीच दुकानातून आली होती, पाय गरम पाण्यात घालून बसली होती. त्याने पास तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो उचलला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. हसली. किती महिन्यांनी हसली.

"उद्यापासून आत?"

"उद्यापासून. आणि तू त्या शेठला सांग, पुढच्या महिन्यापासून येत नाही. पिशवी मारायची तर मार तोंडावर."

"मारते की," ताई म्हणाली. मग पासाच्या पाकिटात घडी घातलेला कागद तिला दिसला. ती हमीपत्राची प्रत होती. ती काढून ठेवायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. ताईने घडी उलगडली आणि वाचलं. तिला वाचायला वेळ लागत नसे. तरी तिने तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हे काय आहे?"

"हमीपत्र. सगळ्यांना द्यावं लागतं."

"सगळ्यांना?"

"मला द्यावं लागलं."

"नुसती सही केलीस, का म्हणालास?"

"वाचून दाखवावं लागतं."

"मोठ्याने?"

"मोठ्याने, ताई. उभं राहून. आता झालं ना?"

"मला विचारलंस?" तिचा आवाज चढला. "मास्तरांना विचारलंस? आज गुरुवार आहे. तू आत्ता घरी कसा?"

"तुला काय विचारायचं होतं?" वायरमनचाही तोल गेला. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम वर आलं. "तुला त्यांनी विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस? सांगता येत नाही. सख्खी बहीण. नऊ वर्षांत एक दिवस, एक दिवस तरी दाखव मी चुकलेला. एकदा हो म्हणाली असतीस तर त्या टकल्यासमोर मला नाटक करावं लागलं नसतं."

"नाटक," ताई म्हणाली.

"मग काय?"

"चांगलं झालं का?"

चांगलं झालं होतं, आणि ते तिला त्याच्या तोंडावरून दिसलं.

"मी खरं तेच बोलले," ताई म्हणाली. "खोटं बोलून तुझी परवानगी मला आणता आली असती. कळत नव्हतं का मला? तो पोरगा पेन उघडून बसला होता, तोंडाकडे बघत होता, हो म्हणा म्हणून. जीभ भाजली तरी बोलले नाही. तुझ्यासाठी. आणि तू?"

"मी तुझ्यासाठीच केलं."

"तेव्हाही असंच म्हणायचास."

ताईने पाय पाण्यातून काढले, पुसले, आणि पास टेबलावर ठेवून ती उठली. वायरमनला वाटलं, स्वयंपाकाला लागेल. ती कपाटाकडे गेली. कानातल्या कुड्या काढून तिने रुमालात बांधल्या. मनगटावरचं घड्याळ काढलं. पोस्टाचं पुस्तक, बँकेचं पुस्तक, काचेची जाडी मोजायचं तिचं छोटं माप. एकेक वस्तू ती दुकानाच्या पिशवीत ठेवत गेली. हात भरभर चालत होते, बघावंसुद्धा लागत नव्हतं. पूर्वी त्याने शपथ घेतली की संध्याकाळी ती हेच करायची आणि पिशवी खाली इस्त्रीवाल्याकडे नेऊन ठेवायची. त्याला ते त्या काळी नंतर कळायचं, काही सापडलं नाही म्हणजे. करताना त्याने तिला आज पहिल्यांदा पाहिलं.

"ताई, काय करतेयस?"

ताई थांबली. तिने पिशवीत पाहिलं, मग हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. आपण काय करतोय ते तिलाही तेव्हाच कळलं असावं.

"मला नाही माहीत रे," ती म्हणाली. पण घड्याळ तिने पिशवीतच टाकलं.

वायरमनला ओरडायचं होतं. पिशवी हिसकावून खिडकीतून फेकायची होती, चौथ्या मजल्यावर जाऊन तो शिक्का त्या साहेबांच्या टकलावर मारायचा होता, मिशीवाल्यांची मिशी उपटायची होती. सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. सरकारने ठेवला, टंकलेखन करणाऱ्या बाईंनी डोळे पुसत ठेवला. आणि जिच्यासाठी हे केलं तिचे हात कुड्या लपवत होते, आणि त्या हातांचं काही चुकलं आहे असं त्याला छातीवर हात ठेवून म्हणता येत नव्हतं. राग काढायला दुसरं कुणी नव्हतंच. त्याने मनगटावरचं स्वतःचं घड्याळ ओढून काढलं आणि पिशवीत टाकलं. खिशातलं पाकीट टाकलं. मग टेबलावरचा पास उचलला, फोटो आणि निळी पट्टी आणि कायम, आणि तोही टाकला. ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवीत पाहिलं. पास वरच पडला होता. तिने तो बाहेर काढला नाही.

"सकाळी किती वाजता निघायचंय?" तिने विचारलं. आवाजातला राग अजून गेला नव्हता.

"सहाला."

"पावणेसहाला पास देते," ताई म्हणाली, आणि तिने पिशवीची चेन ओढली.